पेटीत न गेलेले कागद

बाई,

परवाच्या शोकसभेत मी बोलायला नको होतं, असं सगळ्यांचं मत पडलं आहे. मी खोटं बोलले असं कोणी म्हणत नाही. पण शोकसभेत आवाज चढवायचा नसतो म्हणे. मी चढवला. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते.

शाळेच्या सभागृहात टेबलावर तुमचा फोटो ठेवला होता. निवृत्तीच्या समारंभातला, ज्यात तुम्ही फोटोग्राफरवर वैतागलेल्या दिसता. सुट्टी असूनही माणसं बरीच आली होती. जामसंड्यातले अर्धे दुकानदार तुमच्या चित्रकलेच्या तासाला बसलेले. आधी मुख्याध्यापक बोलले, मग शाळा समितीचे अध्यक्ष. दोघांनीही तुमच्या जुन्या चित्रांची आठवण काढली. विजयदुर्गाच्या तटाखालच्या होड्या, खाडीवर वाकलेले माड, संध्याकाळचं बंदर. ती चित्रं बँकेत आहेत, पतपेढीत आहेत, हॉटेलांत आहेत आणि कितीतरी घरांत टीव्हीच्या वर आहेत. शाळा उघडेल तेव्हा ती सगळी गोळा करून प्रदर्शन भरवायचं ठरलं. इथपर्यंत मी गप्प होते. मग अध्यक्ष म्हणाले, आणि ते प्रेमानंच म्हणाले, की शेवटी शेवटी बाईंची नजर अधू झाली होती, तरीही त्या रद्दी पुढ्यात घेऊन तिच्यावर डाग रंगवत बसायच्या. खऱ्या कलाकाराचा हात थांबत नाही, एवढंच आपण त्यातून घ्यायचं.

सगळ्यांनी माना हलवल्या. तुमच्या भाच्यानं, दिगूनंसुद्धा हलवली.

मी उठले आणि म्हणाले, बाईंची नजर अधू नव्हती. आपल्या सगळ्यांच्या नजरा एकत्र केल्या तरी बाईंना जे दिसायचं ते आपल्याला दिसणार नाही. होड्या आणि माड त्यांनी लोक मागत होते म्हणून रंगवले आणि कंटाळा आला तेव्हा सोडून दिले. वर्तमानपत्रावरचे डाग हे त्यांचं खरं काम. प्रदर्शन भरवायचं तर त्याचं भरवा, नाहीतर भरवू नका.

मागून कोणीतरी म्हणालं, "बस गो खाली. बाईंच्या आत्म्याक शांती मिळांदे."

मी बसले. पण तुम्हांला शांती मिळावी अशी प्रार्थना मी केली नाही, बाई. शांतपणा तुम्हांला कधी मानवला नाही.

माझ्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बाबा ट्रॉलरवर खलाशी, आई हंगामात तुमच्या भावाच्या कलमांच्या बागेत आंबे भरायला. दहावीनंतर मला शिवणकामाला घालायचं ठरत होतं, तेव्हा तुम्ही उन्हातून चालत आमच्या घरी आलात आणि ओट्यावर बसून बाबांना सांगितलंत की हिला कॉलेजात घाल. बाबांनी विचारलं, शिकून ही काय होणार? दुसऱ्या कोणी बाबांना मोठी स्वप्नं दाखवली असती. तुम्ही पाण्याचा तांब्या खाली ठेवलात आणि म्हणालात, "माका काय ठावक? मी काय ज्योतिषी? शिकली तर काय होता ता बघूया." बाबा हसले. त्या हसण्यावर माझं पुढचं सगळं शिक्षण झालं. आज मी त्याच शाळेत मराठी शिकवते आणि तुमच्यानंतर चित्रकलेची जागा भरलीच नाही म्हणून तो तासही घेते. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, कारण आभार मानले की तुम्ही उठून आत निघून जायचात. आता तुम्हांला उठून जाता येणार नाही. म्हणून मानते.

डागांची सुरुवात कुठून झाली ते मला नक्की माहीत नाही. विचारलं की तुम्ही दर वेळी वेगळं सांगायचात. एकदा म्हणालात कौल गळलं आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर पाणी झालं, तिथून. एकदा म्हणालात भावानं तळलेला बांगडा पेपरात गुंडाळून आणला, तिथून. आणि माझी आई समोर असली की म्हणायचात, "हिच्या वड्यांच्या तेलान सुरवात केल्यान." आई खजील व्हायची आणि पुढच्या वेळी वडे केळीच्या पानातून आणायची. मग तुम्ही तक्रार करायचात की आता कागदाला काहीच लागत नाही.

सुरुवातीला तुम्ही डागांत आकार शोधायचात. तेलाच्या डागाला नांग्या जोडल्या की कुर्ली, चहाच्या कपाच्या वर्तुळाला शीड लावलं की गलबत. लोकांना ते फार आवडायचं. दिगूच्या बायकोनं कुर्लीचा कागद फ्रिजला लावला होता. मी तुमच्याकडे आले त्या दिवशी तुम्ही तो काढून घडी करत होता. का म्हणून विचारलं तर म्हणालात, "डागात कुर्ली नव्हती. मी जबरदस्तीन बसवलंय तिका थंय." त्यानंतर तुम्ही डागाला पुन्हा कधी पाय, शेपटी, शीड काही जोडलं नाहीत. लोकांनी बघायला येणं बंद केलं ते तेव्हापासून.

मग पेन्सिलचे दिवस आले. तेलाचा डाग कागदावर पसरत राहतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. तुम्ही रोज सकाळी त्याची कड जिथवर आली असेल तिथून एक बारीक रेघ फिरवायचात. रेघेबाहेर रेघ, तिच्याबाहेर आणखी एक. तुमच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. तुमच्या वहिनी केर काढताना कागदांच्या मधून अंगणातल्या कोंबडीसारखी वाट काढायच्या आणि पुटपुटायच्या. तुम्ही त्यांना बजावून ठेवलं होतं की कागद हलला तर जेवणार नाही.

त्यानंतर तुम्ही खऱ्या डागाच्या शेजारी तसाच दुसरा रंगवायला लागलात. हे सगळ्यांत अवघड होतं आणि इथेच मी तुमच्याकडून सगळ्यांत जास्त शिकले. चहाचं पाणी, कात, कोकमाच्या रतांब्यांचा रस, पेटीतला फक्त एक तपकिरी रंग. डागाची कड मधल्यापेक्षा गडद असते, कारण सुकताना पाणी रंगाला कडेला नेऊन सोडतं. ती कड ब्रशनं ओढली की खोटी दिसते. मी ओढायचे आणि तुम्ही नुसतं हं करायचात. पाणी इतकंच घालायचं की ते आपणहून कडेपर्यंत जाईल, आणि मग हात मागे घेऊन बसून राहायचं. तुम्ही हनुवटीखाली मूठ धरून, दुसऱ्या हातानं माश्या वारत, तासन्‌तास बसायचात. खालची छापील अक्षरं वाचता आली पाहिजेत, हाही तुमचाच नियम. डागाखाली बातमी बुजली की तो कागद बाद.

आणि कागद जमला की नाही हे कसं ठरवायचं? तो तुम्ही जेवणाच्या खोलीच्या दारात टाकून ठेवायचात. वहिनी येऊन खेकसल्या, "कोणी सांडल्यान ह्या?" की तुम्ही आतून हसायचात. त्या काही न बोलता ओलांडून गेल्या, तर तो कागद फाडायचा.

एवढं झाल्यावर खऱ्या डागाची गरजच उरली नाही. तुम्ही कोऱ्या, स्वच्छ, सकाळी आलेल्या पेपरावर डाग करू लागलात. फणस कापलेल्या तेलकट हातांचे, काजूच्या बोंडांचे, आंब्याच्या चिकाचे. कधी न सांडलेल्या गोष्टींचे डाग. मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते आणि मला वाटायचं की या सगळ्याला काहीतरी मोठं नाव असणार. मी विचारायचे, बाई, यातून तुम्हांला काय म्हणायचं आहे? डाग म्हणजे काळ का, डाग म्हणजे बाईचं घरकाम का, बातमीवरचा डाग म्हणजे बातमीवरची टीका का? तुम्ही एकदा ऐकून घेतलंत, दुसऱ्यांदा ऐकून घेतलंत. तिसऱ्यांदा चष्मा काढून म्हणालात, "तुका सगळ्याचो अर्थ होयो. परीक्षेत प्रश्न येतलो असो बघतंस चित्राकडे. जरा नुसता बघ मगो."

मी चिडले होते. पण घरी जाऊन नुसतं बघितलं.

आता तळेऱ्याचं. तो आपला सगळ्यांत मोठा वाद आणि तो अजून मिटलेला नाही.

हंगाम भरात होता. दिगूच्या शेडमध्ये पेट्या भरणं चाललं होतं. पेटीत तळाला गवत, त्यावर वर्तमानपत्र, मग आंब्यांचा थर, पुन्हा कागद. शेडमधली रद्दी संपली आणि दिगूनं माझ्या आईला सांगितलं की घरातून मिळेल तेवढा पेपर आण. आई तुमच्या पडवीत गेली. तुम्ही आत जेवत होता. कोपऱ्यात नीट रचलेला गठ्ठा होता, तो तिनं उचलला. तुमचं जवळजवळ वर्षाचं काम होतं ते.

मला कळलं तेव्हा टेम्पो सुटून गेला होता. मी आईला ओरडत विचारलं, तुला दिसलं नाही का त्यावर काय होतं ते? आईनं बावरून सांगितलं, "दिसला तर. डाग होते. मी हात लावून बघितलंय. सुको होतो, म्हणान घातलंय." ओला किंवा तेलकट कागद आंब्याला लावायचा नाही, फळ कुजतं, एवढं ती जपली होती. तिच्याकडून चूक झाली असं तिला अजून वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर तुमच्या कामाची यापेक्षा कडक परीक्षा कोणी घेतली नसती.

पण त्या वेळी मला हे सुचलं नाही. मी दिगूला ड्रायव्हरला फोन करायला लावला, टेम्पो तळेऱ्याला थांबवायला सांगितलं आणि तुम्हांला स्कूटरवर मागे बसवून निघाले. तुम्ही येते म्हणालात, पण वाटेत एक शब्द बोलला नाहीत. ऊन रणरणत होतं. मला वाटलं तुम्ही रडत असाल. वळणावर आरशात बघितलं तर तुम्ही रस्त्याकडेच्या जांभ्याच्या भिंतीवरचं शेवाळ न्याहाळत होता.

तळेऱ्याला हायवेच्या तिठ्यावर टेम्पो उभा होता. ड्रायव्हर मिसळ खात होता. तो तोंड पुसत आला आणि विचारू लागला, माल बिघडला का, पेट्या परत न्यायच्या का. मी म्हटलं सगळ्या उघडा. त्यानं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात एकच उघड. त्यानं सुतळी सोडली, फळी उचकटली. तुम्ही वरचे आंबे अलगद बाजूला केलेत आणि कागद दिसला. तुमचाच होता. चिकाचा डाग रंगवलेला. आणि त्याच्यावर, एका आंब्याच्या देठातून उतरलेला खरा चीक पडला होता. दोन्ही एकमेकांत मिसळले होते. तुमचा कुठे संपतो आणि आंब्याचा कुठे सुरू होतो, मला सांगता येईना. तुमच्याकडे बघितलं. तुम्हांलाही सांगता येत नव्हतं.

मग तुम्ही तो कागद जरा उचललात आणि खालचा बघितलात. चीक तिथेही उतरला होता, लहान होऊन. त्याखाली आणखी लहान. तुम्ही कितीतरी वेळ वाकून बघत होता. गाड्या हॉर्न देत जात होत्या. ड्रायव्हरनं मला हळूच विचारलं की म्हातारीला चक्कर आली का.

शेवटी तुम्ही आंबे होते तसे लावलेत आणि म्हणालात, "बरो आसा माल. बांध परत."

मी भर रस्त्यात तुमच्याशी भांडले. वर्षाचं काम आहे, बाई. मुंबईला कोण तरी आंबे काढून घेईल आणि हे कचऱ्यात टाकेल. कोणी बघणारसुद्धा नाही.

"पेटी उघडतलो तो बघतलो," तुम्ही म्हणालात.

"आणि टाकून देईल."

"टाकूंदे. माझे होडये भिंतीर आसत, त्यांका कोण बघता?"

"मी बघते की. मी तुमचा एकेक कागद बघते."

तुम्ही स्कूटरला टेकून पदरानं घाम पुसलात. "तू बघतंस ता माका बरा वाटूचा म्हणान. उपकार फेडतंस. मुंबयचो माणूस माका ओळखणा नाय. तो बघतलो ता खरा."

टेम्पो हायवेला लागला. ते वाक्य मला इतकं लागलं की मी आठवडाभर तुमच्याकडे फिरकले नाही.

आले तेव्हा तुम्ही कामात होता आणि काम बदललं होतं. तळेऱ्याला बघितलेला तो उतरणारा डाग तुमच्या डोक्यातून जात नव्हता. तुम्ही एक आख्खा पेपर घ्यायचात, त्याची पानं सुटी करायचात, पहिल्या पानावर डाग करायचात आणि मग तोच डाग प्रत्येक पानावर झिरपत कसा उतरेल ते रंगवायचात. दुसऱ्या पानावर थोडा लहान, कड तेवढीच ठसठशीत. पुढे कड विरते. पुढे मधला भाग तुटून दोन होतो. कुठल्या पानावर काय सुटेल हे तुम्ही कशावरून ठरवत होता, मला कधी कळलं नाही. पण एकही पान खोटं वाटायचं नाही. आणि हे झाले की तुम्ही स्वतःच्या हातानं ते शेडमध्ये नेऊन रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवायचात. दर हंगामाला. मी दर हंगामाला भांडायचे. एकदा तर मी दिगूला सांगितलं की पेटीत एक चिठ्ठी तरी घाल, हे अमुक चित्रकाराचं काम आहे म्हणून. तुम्हांला कळल्यावर तुम्ही मला म्हणालात, मग आंब्यावर माझा फोटोसुद्धा छाप.

त्या पेट्या उघडणाऱ्यांपैकी कोणाचा कधी फोन आला नाही, कोणी विचारलं नाही. मी वाट बघायचे. तुम्ही नाही.

हे सगळं मी शोकसभेत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अध्यक्षांना वाटलं असतं की बघा, बाईंनाच ते कागद ठेवायचे नव्हते. म्हणून तुम्हांला सांगते आहे. कारण सभेनंतर दिगूनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, आतेचा एक गठ्ठा राहिलाय. सुतळीनं बांधून ठेवलाय. आजारी पडायच्या आधी आतेनं सांगितलं होतं, ह्यो यंदाच्या पेट्यांका. शेवटचा माल आता भरायचाय, तर घालू ना?

त्यानं मला विचारलं, याचंच मला आश्चर्य वाटलं. तो आंब्याचा माणूस आहे. तुमचे कागद त्यानं कधी वर धरून बघितले नाहीत. पण तुमचा शब्द त्यानं कधी मोडला नाही आणि सभेतलं माझं बोलणंही त्याला लागलं होतं.

मी म्हटलं, नको घालूस. त्यानं डोकं खाजवलं. "आतेन सांगितल्यान हां, रेश्मा. मरणाच्या आधी सांगितलेला." मी म्हटलं, ते मला माहीत आहे. तो विचार करून म्हणाला, अर्धे तू ने, अर्धे मी घालतो. दोघांचं राहील.

तिथून आम्ही शेडमध्ये गेलो. आई आणि दोघीतिघी बायका पेट्या भरत होत्या. मी सुतळी सोडली. एकाच पेपराची पानं होती, क्रमानं लावलेली. रतांब्याचा डाग होता. पहिल्या पानावर तो जवळजवळ काळा, कडेला जांभळा. मी पान उलटत गेले. तो लाल होत गेला, मग मातकट, मग तुटला, मग नुसती एक कड राहिली, मग कडेचाही एक तुकडा. याचे अर्धे कसे करायचे? वरचे अर्धे पेटीत घातले तर प्रदर्शनाच्या भिंतीवर डागाचं नुसतं मरण लावल्यासारखं होईल. खालचे घातले तर तेच मरण मुंबईला पोचेल. मी दिगूला म्हटलं, एकतर सगळे पेटीत, नाहीतर सगळे माझ्याकडे. याचे वाटे होत नाहीत.

आणि मग शेवटचं पान आलं. त्यावर काही नाही. छोट्या जाहिराती, खाली राशिभविष्य, बाकी काही नाही. मी ते उजेडाकडे धरलं, तिरकं धरलं, बोट फिरवलं. डाग इथपर्यंत पोचलाच नाही म्हणून तुम्ही ते मोकळं सोडलंत, की त्या आधीच तुम्ही आजारी पडलात? सुतळी तर तुम्हीच बांधली होती, दिगू सांगतो. पण तुम्ही अर्धवट गठ्ठेही बांधून ठेवायचात, कागद वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. म्हणजे मला माहीत नाही. कधी माहीत होणारही नाही.

आई काम थांबवून माझ्याकडे बघत होती. तिच्या समोर गवत घातलेली पेटी कागदासाठी उघडी होती. तिनं विचारलं, "घालू काय गो?"

बाई, तुम्ही तळेऱ्याला म्हणाला होतात की मी बघते ते तुम्हांला बरं वाटावं म्हणून. त्या वेळी मला उत्तर देता आलं नव्हतं, कारण ते थोडं खरंही असेल असं मला वाटायचं. शेडमध्ये ते शेवटचं पान हातात धरून मी उभी होते तेव्हा बरं वाटून घ्यायला तुम्ही कुठे होता? उपकार फेडायचे ते कोणाला? तरी मी बघत होते. मान अवघडली, बायका कंटाळून परत कामाला लागल्या, तरी मी पुन्हा पहिल्या पानापासून बघत होते. हे माझं उत्तर आहे. थोडं उशिरा आलं, पण आलं.

मी आईला नको म्हटलं. दिगूला म्हटलं, पाप लागलं तर मला लागेल. तो म्हणाला, पापाचं राहू दे, आतेला तू समजाव. मी हो म्हटलं आणि सगळी पानं घेऊन निघाले.

आज सकाळी मी चित्रकलेचा वर्ग उघडला आणि सुतळी बांधून ती पानं कपड्यांच्या चिमट्यांनी लावली. फ्रेम नाही, काच नाही, खाली नाव नाही. खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत. समुद्राकडून वारा येतो, कागद वर्षभरात पिवळे पडतील, मला माहीत आहे. पडोत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वर्गाच्या तीन भिंती लागल्या.

मुख्याध्यापक ऑफिसात दाखल्यांच्या कामाला आले होते. चिमट्यांचा आवाज ऐकून वर आले. वाईट माणूस नाही, तुम्हीही म्हणायचात. दारात चप्पल काढून आत आले, ही सवय त्यांना तुम्हीच लावलीत. एका टोकापासून चालत गेले. मध्ये दोनदा थांबले, एकदा मागे आले. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. शेवटच्या पानापाशी थांबून म्हणाले, रेश्मा मॅडम, बाकीच्याचं समितीत बघू, मी बोलून बघतो. पण हे तर कोरं आहे. लोक हसतील. हे तरी उतरवा.

मी म्हटलं, "नाही, सर."

"काय आहे त्याच्यावर?"

"मला माहीत नाही."

त्यांनी पुन्हा बघितलं. जवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले की समितीनं सांगितलं तर उतरवावंच लागेल. मी म्हटलं, समितीनं येऊन स्वतःच्या हातानं उतरवावं. कुठलं पान आधी उतरवायचं ते त्यांना ठरवावं लागेल आणि ते ठरवायचं तर सगळी बघावी लागतील. त्यांनी दारात चप्पल घातली. गेले तेव्हा दार ओढून घेतलं नाही.

तर असं आहे. तुमच्या शब्दाबाहेर मी पहिल्यांदाच गेले आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पेटी उघडणारा तुम्हांला ओळखत नाही म्हणून त्याचं बघणं खरं, असं तुमचं म्हणणं. जूनमध्ये पाचवीचा वर्ग इथे येऊन बसेल. त्यांच्यातलंही कोणी तुम्हांला ओळखत नाही. मी त्यांना काही सांगणार नाही, तेवढं तुमचं ऐकेन. पण पानं इथेच राहतील. मोकळं पानसुद्धा. तुम्ही ते संपवलंत की सोडलंत, याचा निकाल मी लावणार नाही आणि दुसऱ्या कोणाला लावू देणार नाही. तुम्हांला पटत नसेल तर भांडा माझ्याशी, नेहमीसारख्या. मी सगळं ऐकून घेईन, बाई. आणि कागद उतरवणार नाही.